गाभण गाईला ढेप, पोटुशी सुनेला वेचणी

(तालुका मेळाव्यातील भाषण, थोडे आटोपते घेऊन)



कापसाच्या भावावर बोलणारे आज बरेच वक्ते आहेत, म्हणून मी दुसराच विषय घेतो. शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाला बाळंतपणातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण कोणत्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर बोंड भरत नाही हे ज्याला कळते, त्याला हा विषय फार परका नाही.

गाय गाभण असली की शेवटचे दोन महिने आपण तिला आटवतो, सरकीची ढेप वाढवतो. व्याल्यावर जार पडला नाही तर मध्यरात्री गुरांच्या डॉक्टरचे दार वाजवतो. आणि घरची सून आठव्या महिन्यात कमरेला फडके बांधून पराटीत वाकलेली असते. मजूर मिळत नाहीत, कापूस झाडावर लोंबतो आहे, सासू म्हणते, ‘आमी काय वावरातच बाळंत नाई झालो?’ अशाच एका घरी मी बोंडअळीवर बैठक घेतली. चहा त्या सुनेनेच आणून दिला. अळीवर मी तासभर बोललो, तिच्या वाकलेल्या कमरेवर एक शब्द बोललो नाही.

बाळंतपणात बाई दगावते त्याचे मोठे कारण रक्तस्राव. मूल झाल्यावर गर्भपिशवी आवळली नाही तर रक्त थांबत नाही, आणि इलाज मिळाला नाही तर दोन तासांतही खेळ आटोपतो. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या वाडीवरून रात्री खामगाव गाठायचे तर हे दोन तास वाटेतच जातात. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11 च्या वर हवे. ते 7 च्या खाली असेल तर दुसरी सहज सोसेल एवढे रक्त जाणेही तिला सोसत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गरोदर बायांना रक्तक्षय निघाला.

ही उणीव दवाखान्यात तयार होत नाही, वावरात आणि ताटात तयार होते. ज्वारीत मूग-उडीद असायचा, तो घरात खाल्ला जायचा. सोयाबीन आले, ते पोत्यात भरून सरळ बाजार समितीत जाते. चार पैसे दिसले, वरण पातळ झाले. सरकार लोहाच्या 180 गोळ्या फुकट देते. शौच काळे होते म्हणून बाया त्या टाकून देतात, नाहीतर चहाबरोबर घेतात, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. बहिणींनो, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता सुईण. इथले चाळिशीपुढचे कितीतरी जण तिच्या हातावर जन्मले. ती बहुधा दलित वस्तीतली. तिला लुगडे, नारळ, पायलीभर ज्वारी मिळायची, आणि बारसे झाले की त्याच हातांना आपला माठ शिवू देत नव्हतो. हे आपले पाप, सरकारवर ढकलता येणार नाही. सुईणीचे सगळेच चांगले होते असेही मी म्हणत नाही. विळ्याने नाळ कापून धनुर्वाताने लेकरे गेली आहेत. पुढे सरकारने सुईणींना स्वच्छ पाते, दोरा, साबण यांचे शिक्षण दिले. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या गरीब बाईला 700 रुपये, आणि सुईण बाजूला पडली. फायदा झाला, तो नाकारू नका. महाराष्ट्रात लाख जन्मांमागे 2001-03 मध्ये 149 माता दगावत, 2018-20 मध्ये 33.

पण सुईणीजवळ औषध नव्हते तरी वेळ होता. ती रात्रभर बसायची, कंबर चोळायची, कळांची वाट पाहायची. आता एका नर्सबाईच्या पदरात एकाच वेळी चार-पाच बाया. कण्हली तर काय ऐकून घ्यावे लागते, ते इथल्या बहिणींना ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक नसते, कारण आपण फाटकाबाहेर तंबाखू मळत असतो. थांबायला कोणी नाही म्हणून कळा वाढवायची सुई, नाहीतर सिझर. त्याच पाहणीत राज्यातले दर चारातले एक बाळंतपण सिझरने झालेले, खासगीत त्याहूनही जास्त. सिझरने जीव वाचतो, त्याला माझा विरोध नाही. पण अडलेले नसताना केलेले सिझर म्हणजे अळी नसताना मारलेली फवारणी. बिल भरायला पहिल्या वेचणीचा कापूस व्यापारी म्हणेल त्या भावात जातो.

वाट नाही असे नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातल्या, पुष्कळदा निरक्षर बायांना शिकवून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावच्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली. 1999 साली त्याचे निष्कर्ष छापून आले, नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. श्रीलंकेत शिकलेली सुईण सरकारी नोकर म्हणून घरोघर जाते. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर 2018 मध्ये मान्य केले की नर्सना 18 महिने खास शिकवून सुईणकामात तयार करायचे. मान्य केले ना? मग आमच्या उपकेंद्रात ती कधी येणार, आणि रात्री तिथे राहायला तिला नीट खोली, दिवा, पाणी कोण देणार, हे आपण विचारायचे.

तोवर हक्काचे तेवढे घ्या. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन फुकट आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. आणि कळा सुरू झाल्यावर ‘मालक वावरातून येऊ द्या, मग ठरवू’ हे बंद करा. वाहन कोणाचे, सोबत कोण, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. उपकेंद्रात रात्री नर्सबाई राहते का, पावसाळ्यात पाणंद रस्त्याने गाडी निघते का, आणि आठव्या-नवव्या महिन्यातल्या किती बाया वेचणीला आहेत. हे सगळे कागद घेऊन जिल्हा परिषदेवर जाऊ. कागद बायांनीच भरायचा. पुरुषांनी भरला तर शेवटच्या प्रश्नापुढे सगळीकडे शून्य येईल.