दिलेले काय, विचारलेले काय?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



विज्ञानाच्या पेपरात गतीवरचे उदाहरण आले की पुष्कळ मुले ते कोरे सोडतात. विचारले तर सांगतात, "सर, सूत्रे पाठ होती, पण कोणते घालायचे ते कळले नाही." घरी पालकांना वाटते, मुलाला डोकेच नाही. माझ्या मते उणीव डोक्याची नाही, वाचनाची आहे.

समान त्वरणाच्या गतीत राशी पाचच : सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, काळ आणि विस्थापन. यांपैकी तीन कळल्या की उरलेल्या दोन सूत्रांनी काढता येतात. पण या तिन्ही राशी आकड्यांतच दिलेल्या असतात असे नाही. काही शब्दांत दडलेल्या असतात. "गाडी स्थिर अवस्थेतून निघते" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. "थांबते" म्हणजे अंतिम वेग शून्य. "दगड उंचावरून सोडला" एवढ्यात दोन राशी मिळतात : सुरुवातीचा वेग शून्य आणि त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. वर फेकलेल्या चेंडूचा वेग सर्वोच्च बिंदूशी शून्य होतो. त्वरण मात्र तेथेही ९.८ च, खालच्या दिशेने. शून्य हीसुद्धा माहितीच आहे, हे विसरू नका.

एक उदाहरण घेऊ. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी एस.टी. बस ब्रेक लावल्यावर समान त्वरणाने ३० मीटरवर थांबते; त्वरण किती? आकडे दोनच दिसतात. आता यादी करा :

सुरुवातीचा वेग : ५४ × ५/१८ = १५ मीटर प्रति सेकंद
अंतिम वेग : ०
विस्थापन : ३० मीटर
त्वरण : विचारलेले
काळ : दिलेला नाही, विचारलेलाही नाही

म्हणून काळ नसलेले सूत्र घ्यायचे : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन. म्हणजे ० = २२५ + ६० × त्वरण. उत्तर, उणे ३.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. उणे चिन्हाचा अर्थ, त्वरण गतीच्या उलट दिशेला आहे. पाहा, सूत्र कोणते ते यादीनेच सांगितले.

पालकहो, आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. शिवाय अनेक घरांत बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी. "स्थिर अवस्था" हे शब्द मुलाने घरी कधी ऐकलेले नसतात. तेव्हा आपण विज्ञान शिकवू नका. शेजारी बसून तीनच प्रश्न विचारा. काय दिले आहे? काय विचारले आहे? आकडा नसताना काय कळते? उत्तर त्याला घरच्या बोलीत देऊ द्या. "गाडी आधी उभी होती" असे तो म्हणाला, की शून्य त्याच्या हाती आले.

विद्यार्थी मित्रांनो, सूत्राकडे धावण्यापूर्वी यादीला एक मिनिट द्या. उदाहरण कोरे सोडू नका.