बोलका मूकनट : लॉन चेनी

१८८३ साली अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज गावी लॉन चेनीचा जन्म झाला. त्याचे आईवडील दोघंही मूकबधिर. पुढे संधिवातानं आईनं अंथरूण धरलं आणि तिच्या सेवेसाठी लॉननं चौथीतच शाळा सोडली. दिवसभरात गावात काय घडलं, कोण कसं चाललं, कोण कुणावर चिडलं, हे सारं तो तिला हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्यानं करून दाखवायचा. माझ्या मते त्याची खरी नाट्यशाळा हीच.

पुढे फिरत्या नाटक मंडळ्यांतून गावोगाव हिंडणं झालं. १९१३च्या सुमारास तो चित्रपटात आला आणि किरकोळ भूमिका करत राहिला. १९१९च्या ‘द मिरॅकल मॅन’नं त्याचं नाव झालं. १९२३च्या चित्रपटात त्यानं साकारलेला कुबडा क्वासिमोदो घंटांच्या आवाजानं बहिरा झालेला आहे. ही भूमिका त्याच्याइतकी कुणाला कळणार?

१९२५च्या ‘फँटम ऑफ द ऑपेरा’तला एक प्रसंग पाहा. चेनीनं साकारलेला मुखवटाधारी फँटम ऑर्गन वाजवतोय. नायिका मागून हळूच येते, मुखवटा ओढते. खोल गेलेले डोळे, वर ओढलेलं नाक, विचकलेले दात! तो चेहरा तिच्याआधी आपल्याला दिसतो. ही रंगभूषा त्याची स्वतःची. त्याची रंगपेटी आजही लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जपलेली आहे.

बोलपट त्यानं एकच केला, १९३०चा ‘द अनहोली थ्री’. त्यात त्यानं वेगवेगळे आवाज काढले. हा बोलपट पडद्यावर आला आणि काही आठवड्यांतच, २६ ऑगस्टला, कर्करोगानं चेनी गेला. वय अवघं ४७.