जयपूरच्या चित्रित थाळ्या : गुप्त विद्या आणि खुली विद्या



भिंतीवर शोभेसाठी लावलेली निळी-पांढरी चित्रित थाळी चिनी मातीची असावी, असा पुष्कळांचा समज असतो. जयपूरच्या थाळीत मात्र मातीचा अंश अल्प असतो. गारगोटीची पूड हा तिचा मुख्य घटक होय. तीत काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार व डिंक मिसळून कणकेसारखा गोळा मळतात. हा गोळा चिकणमातीइतका लवचिक नसल्याने थाळी चाकावर घडवीत नाहीत. पोळीप्रमाणे लाटून ती साच्यात बसवितात.

वाळलेल्या थाळीवर पांढरा लेप देऊन कारागीर बारीक कुंचल्याने वेली, फुले व पक्षी रेखाटतो. त्या वेळी कोबाल्टचा रंग काळपट दिसतो. त्याची निळाई आणि तांब्याच्या रंगाची फिरोजी छटा झिलई चढवून भाजल्यावरच प्रकट होते. सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाला एकदाच भाजणी होते. भट्टीत तडा गेल्यास सर्व श्रम व्यर्थ जातात.

सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५ ते १८८०) यांच्या आश्रयाने ही कला जयपुरात रुजली. परंतु मिश्रणाचे प्रमाण कुटुंबाबाहेर सांगावयाचे नाही, अशी कारागिरांची रीत होती. आश्रय ओसरला, जाणकार वृद्ध झाले आणि १९५० च्या सुमारास ही कला लुप्तप्राय झाली. गुपित राखल्याने विद्या सुरक्षित राहिली नाही. उलट ती मूठभर माणसांच्या आयुष्याशी बांधली गेली.

कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या प्रोत्साहनाने शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी या कलेचे पुनरुज्जीवन केले. जयपूरच्या सवाई रामसिंह शिल्पकला मंदिरात त्यांनी अनेक शिष्य घडविले. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. पुढे जयपूरजवळील कोट जेवर या खेड्यातील कुटुंबांनाही या व्यवसायाने रोजगार दिला. जी विद्या काही घरांत कोंडली होती, ती शिकविली जाताच गावाचे उपजीविकेचे साधन झाली.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. अशा थाळीच्या झिलईत शिसे असू शकते. भोजनासाठी सुरक्षित असल्याची खात्री उत्पादकाने दिली नसेल, तर ती केवळ शोभेसाठीच वापरावी.

आपल्या गावातही कुंभार, बुरूड, रंगारी यांच्यापाशी अशी कितीतरी माहिती केवळ हाताच्या सवयीत साठलेली आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या कार्यशाळेत न्यावे आणि कृती, साहित्य, प्रमाण यांची नोंद कारागिराच्या संमतीने करून ठेवावी. अधिकाऱ्यांनी शिकविणाऱ्या कारागिरास योग्य मानधन मिळेल, असे पाहावे. कारण विद्या वाटल्याने पोट मारले जाईल, ही त्याची भीती निराधार नसते. ग्रामस्थांनी हातच्या कामाचे मोल घासाघीस न करता द्यावे. जाणकार हयात आहेत तोवरच हे कार्य साधणे शक्य आहे.