परदेशांत सांपडलेला बिंदु

स्वदेश सोडून गेलेल्या माणसाला 'तूं कोण?' हा प्रश्न परक्या भूमींत पदोपदीं विचारला जातो. सामान्य मनुष्य त्याचें उत्तर कागदपत्रांनीं देतो. चित्रकाराला तें रंगांनीं द्यावें लागतें.

चीनमध्यें १९४८ सालीं जन्मलेल्या हुंग लिउ ह्या चित्रकर्त्री १९८४ सालीं अमेरिकेंत गेल्या. तेथील सरकारनें दिलेलें परदेशी रहिवाशाचें ओळखपत्रच त्यांनीं १९८८ सालीं एका भव्य पटावर रंगविलें. मात्र त्यावर स्वतःचें नांव न घालतां, अमेरिकेंतील चिनी उपाहारगृहांत जेवणाअंतीं मिळणाऱ्या, पोटांत भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटाचें नांव त्यांनीं लिहिलें. हें बिस्किट अमेरिकेंत चिनी म्हणून ओळखलें जातें. खुद्द चीनमध्यें त्याची चाल नाहीं! जन्मवर्षाच्या जागीं त्यांनीं १९८४ हा आंकडा घातला. परका देश आपणांस जें समजतो तें आपण नव्हे, हें त्यांनीं असें हंसत हंसत सांगितलें.

ह्याच प्रश्नाचें निराळें उत्तर नागपुरांत शिकून गेलेल्या एका चित्रकारानें दिलें. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ सालीं मंडला जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला. १९३९ ते १९४३ हीं वर्षें त्यांनीं नागपूरच्या चित्रशाळेंत काढलीं; पुढें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. फाळणीनंतर त्यांचीं भावंडें पाकिस्तानांत गेलीं, तरी रझा येथेंच राहिले. १९५० सालीं त्यांनीं पॅरिस गांठलें आणि १९५६ सालीं तेथील समीक्षकांचें मानाचें पारितोषिक मिळविलें. कीर्ति आली, पण समाधान येईना. चित्रांचें तंत्र सिद्ध झालें होतें. त्यांत आपला देश कोठें आहे, हा प्रश्न मात्र उरला होता.

हा शोध त्यांना बालपणाकडे घेऊन आला. प्राथमिक शाळेंत त्यांचें चित्त स्थिर राहत नसे. एके दिवशीं गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडेच टक लावून पाहावयास सांगितलें. तो ठिपका १९८० च्या सुमारास बिंदु होऊन त्यांच्या पटावर अवतरला. त्याच्या भोंवतीं पंचमहाभूतांचे रंग, त्रिकोण नि वर्तुळें आलीं. क्वचित् नागरी अक्षरेंहि उमटलीं. मुसलमान घरांत जन्मलेल्या, फ्रान्समध्यें संसार मांडलेल्या ह्या कलावंतानें भारतीय दर्शनांची ही ठेव आपलीच मानली. वारसा जन्मानें मिळतो, तसा तो ध्यासानेंहि मिळवितां येतो.

साठ वर्षें फ्रान्समध्यें राहूनहि त्यांनीं भारताचें नागरिकत्व सोडलें नाहीं. २०१० च्या अखेरीस ते दिल्लीस परतले. २३ जुलै २०१६ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडला येथें पित्याच्या कबरीशेजारीं त्यांना चिरविश्रांति देण्यांत आली. गुरुजींनीं भिंतीवर काढलेला तो ठिपका केव्हांच पुसला गेला असेल. त्यांच्या विद्यार्थ्यानें मात्र तो जगभर नेला.