रात्री अचानक पोटात दुखलं तर



मृग आता आठ-दहा दिवसांवर आलाय. डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांत सध्या सारखीच धांदल चालू आहे. कौलं चाळायची, कुडाच्या भिंती लिंपायच्या, फाटी कोरड्यात आणून रचायची, भाताचं बी काढून ठेवायचं, कोंबड्यांचं खुराडं नीट करायचं. ही कामं आपल्याला कुणी शिकवावी लागत नाहीत. आज मी या यादीत आणखी एका कामाची भर घालणार आहे. ते काम म्हणजे साप चावला तर काय करायचं, हे पाऊस पडायच्या आधीच ठरवून ठेवणं.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी, श्रावणात, आमच्या काकी, म्हणजे माझ्या चुलतसासू, नेहमीसारख्या चुलीजवळ चटई टाकून झोपल्या होत्या. पाड्यावरची वीज तीन दिवसांपासून गेलेली. पहाटे त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पोटात कळ येते गं, घसापण दुखतोय." मी ओव्याचं पाणी करून दिलं. उजाडताना त्यांच्या पापण्या जड झाल्या. रात्रभर झोप नसेल लागली, असं आम्हाला वाटलं. मग बोलणं अडखळायला लागलं, तेव्हा भगताला बोलावलं. त्यानंतर झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथे गाडीची वाट पाहिली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. डॉक्टरांनी पापण्या बघितल्या बघितल्या विचारलं, "खाली झोपल्या होत्या का?" काकींना मण्यार चावली होती. त्या वाचल्या नाहीत. चार तास गेले, आणि ते चार तास आमच्याच हातून गेले. ओव्याचं पाणी मीच दिलं होतं.

म्हणून मी हे बोलते आहे. मण्यार रात्रीची फिरते. उंदीर, पाली, दुसरे लहान साप शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचे दात बारीक. चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही, फारशी आग नाही. काही तासांनी पोटात दुखतं, घसा दुखतो, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठलं, तर आधी त्याच्या पापण्या बघा. पापण्या जड दिसल्या तर ओव्याचं पाणी नको, दवाखाना. चावल्याची खूण सापडली नाही तरी दवाखाना.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांनी आपल्या देशात सगळ्यात जास्त माणसं मरतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सापाच्या विषाने गेली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालतं. घोड्याच्या रक्तापासून ते तयार होतं. म्हणून साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. साप मारायच्या नादात दुसऱ्या माणसाला चावा बसतो. कवड्या साप आणि मण्यार तर इतके सारखे दिसतात की अंधारात भलेभले फसतात. डॉक्टर लक्षणं बघतात. थोडं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून ते गोठतं का, हेही बघतात. घोणस किंवा फुरशाचं विष चढलं असेल तर रक्त गोठत नाही. गरोदर बाई असेल तर तिलाही हे इंजेक्शन देतात, घाबरून थांबू नका.

मग घाई कशाला? इंजेक्शन रक्तात फिरणारं विष मारतं. मण्यारीचं विष एकदा नसांना भिडलं, की इंजेक्शनाने ते मागे फिरवता येत नाही. मग श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागतं, आणि ते मशीन लांबच्या मोठ्या दवाखान्यात असतं.

आता भगताचं. भगत आपलाच माणूस आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण एक समजून घ्या. धामण, दिवड, नानेटी असे कितीतरी साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ही माणसं तशीही वाचणारच असतात, आणि ती वाचली की नाव औषधाचं होतं. खरं विष चढलेल्या माणसाचा मात्र तिथे वेळ जातो. आपल्या डहाणूत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी सर्पदंशाचा अभ्यास केला, तेव्हा गावकऱ्यांबरोबर भगतांशीही बोलणं केलं. आपणही बोलू या. भगताला सांगायचं, "दादा, तुम्ही गाडीत सोबत बसा. काय करायचं ते वाटेत करा, पण गाडी थांबणार नाही."

साप चावल्यावर काय करायचं, ते नीट ऐका. माणसाला चालवू नका, पळवू नका. हात किंवा पाय हलू न देता झोळीत किंवा खाटेवर उचलून न्या. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती रुततात. दोरी आवळून बांधू नका, त्याने हातपाय सडू शकतो. ब्लेडने कापू नका, तोंडाने विष ओढू नका. कडू लागतं का बघायला मिरची किंवा कडुनिंबाचा पाला खायला घालू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. आणि किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा.

आता घरातलं. जमिनीवर झोपू नका, बाजेवर झोपा. बाज नसेल तर निदान मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चटईखाली चारही बाजूंनी खोचा. मच्छरही अडतो आणि मण्यारही. फाटी भिंतीला टेकवून रचू नका, आणि काढताना हात घालायच्या आधी काठीने हलवा. खुराडं आणि पेंढा घरापासून लांब ठेवा. दाणे सांडले की उंदीर येतो, उंदरामागे साप येतो. ओट्याची आणि कुडाच्या बुडाची बिळं लिंपतानाच बुजवा. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि काठी घ्या, पाय आपटत चाला. सौरदिवा असेल तर तो दिवसा उन्हात ठेवायचं काम एका पोराला नेमून द्या. दिवाळीच्या सुमाराला गवत कापायला जाल तेव्हा पायात बूट असू द्या, घोणस त्या गवतातच पडून असते.

कुणी म्हणेल, ताई, घरात झोपायचीच भीती वाटते. खरं आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरायला लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४.१ चा धक्का बसला. त्या थंडीत कितीतरी कुटुंबं अंगणात झोपली. आजही धक्का बसला की आपण बाहेर पळतो, ते बरोबरच आहे. पण बाहेर झोपायची वेळ आली तर बाज आणि मच्छरदाणीही बाहेर काढा. एका भीतीपायी दुसरी विसरू नका.

शेवटचं काम आपल्या बचत गटाचं. काकींच्या वेळी माझ्या हातात गाडीभाड्याचे पैसे नव्हते, आणि कुठल्या गाडीवाल्याला फोन करायचा तेही माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्या गटाने दर महिन्याला प्रत्येकी १० रुपये जास्तीचे काढायला सुरुवात केली. आम्ही बारा जणी, वर्षाचे १,४४० रुपये. हे पैसे बँकेत नाही, पाड्यावरच एका घरी डब्यात असतात. रात्री कुणालाही लागले तर सही नंतर, पैसे आधी. सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन फुकट मिळतं, पण तिथवर पोचायला गाडी लागते.

पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा. एक, १०८ शिवाय जवळच्या दोन गाडीवाल्यांचे नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूने लिहा. दोन, फोनला रेंज कुठे मिळते ती जागा पोरासोरांनाही दाखवून ठेवा. तीन, झोळीसाठी मजबूत बांबू आणि चादर एका घरी तयार ठेवा आणि कोण चौघं उचलणार ते आत्ताच ठरवा. चार, दोघी जणी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या, सापाचं इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का. नसतील तर तिथे वेळ न घालवता सरळ डहाणू, कासा की तलासरी, कुठे जायचं ते ठरवा. आशाताईंना सोबत घ्या.

काकींची ती चटई मी अजून ठेवली आहे. धान वाळवायला काढते. तिच्यावर झोपत मात्र आमच्या घरात आता कुणी नाही.

या पावसात तुमच्या पाड्यावर बाज कुणाकडे नाही, मच्छरदाणी कुणाकडे नाही, ते आधी बघा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा काय काय ठरवलंत ते मला सांगा.

जोहार!