उजेड वाटेवर, चांदणं आभाळात



आज आपण अंधाराविषयी बोलणार आहोत. कुणी म्हणेल, आत्ता कुठे वाडीत दिवे आले आणि या बाया अंधाराचं कौतुक सांगतायत! तसं नाही. शेवटच्या एसटीतून उतरून घरी जाताना, रात्री गोठ्यात डोकावताना पायाखाली उजेड हवाच. साप-विंचवाचा मुलूख आहे आपला. दिवा काढा असं आम्ही म्हणत नाही. दिव्याचं तोंड खाली करा, एवढंच म्हणतो.

उजेडाची किंमत मुळशीने मोजली आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर इथले मावळे सत्याग्रहाला उतरले, त्यांत बायाही होत्या. तरी धरण झालं, जमिनी बुडाल्या. ते पाणी कोकणात भिऱ्याला उतरून वीज करू लागलं आणि ती मुंबईला गेली. म्हणून वीज वाया जाताना पाहून आपला जीव अधिक तुटायला हवा.

आज पौडहून रात्री पूर्वेला बघा. हिंजवडी-पुण्याच्या बाजूचं आभाळ उजळलेलं दिसतं. जो उजेड आडवा आणि वर जातो, तो हवेतल्या धुळीवर, बाष्पावर पडून पसरतो. आभाळ पांढुरकं होतं आणि बारीक तारे बुडून जातात. आता फार्महाऊस आणि लग्नाच्या लॉनवरचे मोठे झोत आपल्या डोंगरांपर्यंत पोचले आहेत.

नुकसान फक्त ताऱ्यांचं नाही. पावसाच्या तोंडावर ताम्हिणीकडे झाडं काजव्यांनी लखलखतात. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. झगझगाटात ती हाक ऐकू जात नाही, मग वीण कशी वाढणार? भाताचंही तसंच. कित्येक जातींना रात्र लांबली की पोटरी धरायचं कळतं. रात्रभर दिव्याखाली असलेल्या खाचरात लोंब्या उशिरा येतात.

मग करायचं काय? आपल्याच राज्यात याचं उदाहरण आहे. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे काढले नाहीत, खाली तोंड करणारे बसवले. गावात उजेड राहिला आणि आभाळही राहिलं.

आपल्याला चार गोष्टी करता येतील. अंगणातल्या दिव्याला वरून झाकण असावं, म्हणजे सगळा उजेड जमिनीवर पडतो आणि कमी वॅटचा दिवाही पुरतो. पांढऱ्याफेक दिव्याऐवजी पिवळसर घ्यावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं. काम झालं की दिवा बंद. आणि पथदिव्यांची गोष्ट महिला सभेत मांडून ग्रामसभेपर्यंत न्यावी. पथदिव्याचं बिल शेवटी गावालाच पडतं, तेव्हा आभाळाकडे जाणाऱ्या उजेडाचे पैसे का भरायचे?

बचत गटाच्या वहीत आणखी एक पान ठेवा, आभाळाचं. अमावस्येच्या आसपास पोरांना घेऊन अंगणात या. दहा-पंधरा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या. वैशाखात संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी दिसतात, आपल्या आज्यांची म्हातारीची खाट आणि तीन चोर. त्यातल्या मधल्या चोराला, म्हणजे वसिष्ठाला, चिकटून बारीकशी अरुंधती दिसते का? लग्नात नवरीला दाखवतात तीच. हिवाळ्यात कृत्तिकांचा झुबका मोजा. सहा तारे मोजता आले तर आभाळ अजून बरं आहे. दरवर्षी आकडा लिहा. तो घटू लागला, तर ग्रामसभेत दाखवायला आपल्या हाताशी पुरावा असेल.

आपल्या लेकीला रात्री वाटेवर भीती वाटू नये आणि मान वर केली की तारेही दिसावेत. या दोन्ही गोष्टी एकाच दिव्याने होतात, फक्त तो नीट बसवलेला हवा. येत्या महिला सभेत एवढा एक विषय जरूर घ्या.