स्वस्त भावामागची अट

कोणी महाग विकलं की आपण लगेच बोलतो. पण कोणी स्वस्त दिलं, वर सूटही दिली, तर त्यात गैर असू शकतं का?

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे चिप. या धंद्यात इंटेल कंपनीचा मोठा दबदबा होता. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना ती सूट द्यायची, पण अट अशी की जवळपास सगळ्या चिप आमच्याच घ्या. २००९ मध्ये युरोपियन आयोगाने तिला १०६ कोटी युरो दंड केला. आयोग म्हणाला, या अटीमुळे एएमडी या दुसऱ्या कंपनीला दार बंद होतं. इंटेल म्हणाली, आम्ही तर भाव कमी केला, यात नुकसान कोणाचं? २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने दंड रद्द केला. सुटीमुळे दुसरा बाहेर ढकलला जातो, हे आयोगाने नीट सिद्ध केलं नव्हतं. पण एएमडीची चिप असलेले कॉम्प्युटर बाजारात उशिरा आणा म्हणून पैसे देणं मात्र बेकायदेशीरच ठरलं.

आपल्या देशातही २००२ चा स्पर्धा कायदा आहे. मोठं असणं हा त्यात गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने परकीय चलनाच्या सौद्यांवरचं शुल्क माफ केलं होतं. त्याचा तोटा तो इतर धंद्यातून भरून काढू शकत होता. नव्या स्पर्धकाकडे मात्र तेवढाच धंदा होता. त्याने तक्रार केली आणि २०११ मध्ये स्पर्धा आयोगाने शेअर बाजाराला ५५ कोटी ५० लाख रुपये दंड केला. फुकट देणंसुद्धा अन्यायाचं ठरलं. अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता आपल्याकडे या. मोहफुलाच्या हंगामाआधी व्यापारी उचल देतो. अडीनडीला ती उपयोगी पडते. पण “सगळा माल मलाच द्यायचा, भाव मी सांगीन” ही अट असेल, तर दुसऱ्या व्यापाऱ्याने गावात यावं तरी कशाला? तो आलाच नाही, तर पुढच्या वर्षी आपण भाव कोणाला विचारणार? गावातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला हा कायदा लागेलच असं नाही, पण त्यातला प्रश्न आपल्या कामाचा आहे.

म्हणून गटाच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. या भावामागे अट कोणती? ती मोडली तर काय होईल? दुसऱ्याला विकायची वाट उघडी राहते का? उत्तरं इतिवृत्तात लिहा. उचल घ्यायचीच असेल तर गटाकडून कर्ज मिळतं का ते आधी पाहा, आणि माल एकत्र करून निदान दोघांना भाव विचारा.

आजचा भाव बघा, पण उद्या विकायला दार उघडं आहे ना, तेही बघा.